लातूरचा वकील, अंबाजोगाईचे मास्तर

कासीम रझवी वकील होता. अलीगढला शिकून तो लातूरला आला आणि तिथल्या कोर्टात त्याने वकिली केली. मराठवाड्यातल्या घराघरांत रझाकारांच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. त्यांत बंदुका असतात, जळालेली गावे असतात, रात्रीतून घर सोडून पळालेली कुटुंबे असतात. या आठवणींत त्यांचा म्होरक्या रझवी येतो तो माथेफिरू म्हणून. त्याची कायद्याची पदवी कुणी सांगत नाही. हैदराबाद संस्थानात १९४६ ते १९४८ या काळात जे घडले ते नीट समजून घ्यायचे तर मात्र त्या पदवीपासूनच सुरुवात करावी लागते. बंदूक धरणारे हात हजारो होते. ती धरणे हा तुमचा जन्मसिद्ध हक्क आहे, असे त्या हातांना पटवून देणारी माणसे मोजकी होती, आणि ती सगळी शिकलेली होती.

जुलमी विचार अडाणी माणसांमुळे फोफावतो, हा आपल्याकडचा एक आवडता समज आहे. शिक्षण वाढले की असले विचार आपोआप मागे पडतील, असे आपण धरून चालतो. नांदेड-लातूरच्या इतिहासाला हे मान्य नाही. सर्वंकष सत्तेचा विचार इथे वकिलांनी, वक्त्यांनी आणि पदवीधरांनी उभा केला. त्याला पहिला अडथळाही शाळामास्तरांनी आणि संपादकांनीच घातला. शिक्षण दोन्ही बाजूंना होते. फरक पडला तो त्या शिक्षणाचा वापर कुणी कशासाठी केला, याने.

राजा जुना, विचार नवा

सातवा निजाम मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आला. १९४१च्या जनगणनेत त्याच्या संस्थानाची लोकसंख्या १ कोटी ६३ लाखांच्या घरात होती. मुसलमान साधारण आठांत एक. तेलुगू बोलणारे सर्वांत जास्त, त्यांच्या खालोखाल मराठी आणि मग कन्नड. औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८२ साली झाला.

निजामाचे राज्य एकतंत्री होते. सभा घ्यायची तर आधी परवानगी लागे. त्यासाठीची ‘गश्ती नंबर ५३’ जुन्या कार्यकर्त्यांना शेवटपर्यंत पाठ होती. खासगी शाळा काढायलाही सरकारची मंजुरी लागे. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर १९३८ साली तिची रीतसर स्थापना होण्याआधीच बंदी आली.

तरीही ही जुन्या वळणाची राजेशाही होती. तिला सारा हवा असतो, मुजरा हवा असतो, शांतता हवी असते. प्रजेच्या मनात काय चालले आहे याच्याशी तिला फारसे देणेघेणे नसते. सर्वंकष सत्ता याहून वेगळी असते. माणसाने नुसते गप्प बसणे तिला पुरत नाही. त्याने मनापासून आपल्यात सामील व्हावे, शत्रू कोण ते रोज नव्याने ओळखावे आणि स्वतःचे वेगळे मत अपराधासारखे वाटून घ्यावे, अशी तिची मागणी असते. त्यासाठी तिला एक सिद्धान्त लागतो. राजाला असा सिद्धान्त रचता येत नाही, त्यासाठी विद्वान लागतात.

हैदराबादेत हे काम मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेच्या व्यासपीठावर झाले. १९२७ साली निघालेली ही संघटना सुरुवातीला मुसलमानांमधल्या पंथोपपंथांची एकजूट आणि समाजाचे हितरक्षण एवढेच बोलत होती. १९३०च्या दशकाच्या अखेरीस बहादूर यार जंग तिचे अध्यक्ष झाले. जहागीरदार घराण्यात जन्मलेला, धर्मग्रंथांचा अभ्यास केलेला हा माणूस उर्दूतल्या थोर वक्त्यांपैकी एक मानला जातो. त्यांच्या काळात इत्तेहादने ‘अनल मलिक’, म्हणजे ‘मीच राजा’, हा सिद्धान्त पुढे आणला. सार्वभौम सत्ता निजाम या एका माणसाची नसून संस्थानातल्या संपूर्ण मुस्लिम समाजाची आहे आणि निजामाची गादी हे त्या सत्तेचे केवळ प्रतीक आहे, असे हा सिद्धान्त सांगत होता.

वरवर पाहता यात लोकशाहीचा भास होतो, कारण सत्ता राजाकडून काढून लोकांकडे दिलेली दिसते. पण हे लोक जन्माने ठरलेले होते. हैदराबादच्या गल्लीत टांगा हाकणारा गरीब मुसलमान एका वाक्यात राज्यकर्ता झाला आणि त्याच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहणारा तेलंगी किंवा मराठी माणूस त्याच वाक्याने कायमचा रयत झाला. टांगेवाल्याच्या मजुरीत एका पैशाचीही वाढ झाली नाही, त्याला मिळाला तो अभिमान. आणि त्या अभिमानाच्या मोबदल्यात त्याच्याकडून पुढे प्राण मागितले जाणार होते. जबाबदार राज्यपद्धतीची मागणी ही याआधी निजामाकडे केलेली राजकीय मागणी होती. आता ती प्रत्येक मुसलमानाच्या अस्तित्वावरचा हल्ला ठरली. सिद्धान्ताने केलेले सर्वांत मोठे नुकसान हेच. वाटाघाटी करता येतील असा एक प्रश्न त्याने जगण्यामरण्याचा करून टाकला.

भीती खरी होती, उत्तर खोटे होते

या सिद्धान्ताकडे शिकलेले तरुण का ओढले गेले? १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण दिले जाई. भारतीय भाषेतून विज्ञान, कायदा आणि वैद्यक शिकवण्याचा तो मोठा प्रयोग होता आणि त्याचे मोल कमी लेखायचे कारण नाही. पण तिथून बाहेर पडणाऱ्या तरुणापुढे मुख्य वाट सरकारी नोकरीची होती. कोर्टकचेरी उर्दूत, महसूल उर्दूत, पोलीस उर्दूत. उद्या बहुसंख्याकांचे सरकार आले आणि कारभार मराठी, तेलुगू, कन्नडमध्ये सुरू झाला तर आपले काय होणार, ही त्या पदवीधराची चिंता खरी होती. १९४७च्या फाळणीतल्या कत्तलींच्या बातम्यांनी ती आणखी वाढवली.

सर्वंकष विचार नेहमी अशाच खऱ्या दुखण्याला हात घालतो. अल्पसंख्याकांना नव्या भारतात कायद्याचे कोणते संरक्षण मिळेल, नोकऱ्या कशा टिकतील, भाषेचे काय होईल, हे प्रश्न बसून सोडवण्यासारखे होते. शिकलेल्या माणसाचे काम ते प्रश्न स्पष्ट करून मांडणे हे होते. त्याऐवजी त्या भीतीला सार्वभौमत्वाचे तत्त्वज्ञान चढवण्यात आले.

दुसरे खरे दुखणे जातीचे होते. गावकुसाबाहेर ठेवलेल्या दलितांना निजामाचे राज्य आणि सवर्णांचे वर्चस्व यांत काही निवड करायची तर पहिले कमी वाईट वाटावे, याला सवर्ण समाजाचे वागणेच कारणीभूत होते. बी. एस. व्यंकटराव आणि औरंगाबादेत जन्मलेले बी. श्यामसुंदर हे दलित समाजातले बुद्धिमान नेते त्या काळात निजामाच्या बाजूला गेले. व्यंकटराव तर मंत्रिमंडळातही होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र नोव्हेंबर १९४७ मध्ये जाहीर पत्रक काढून अनुसूचित जातींना निजामाची बाजू घेऊ नका असे बजावले. सवर्णांकडून होणारा अन्याय आंबेडकरांना कुणी सांगायला नको होता. तरीही एका अन्यायाला उत्तर म्हणून दुसऱ्या जुलमाला आधार देण्याची वाट त्यांनी नाकारली. विचारवंताचे काम कसे असते याचा तो धडा आहे.

संस्थानात तेव्हा शंभरांतल्या दहांनाही लिहिता-वाचता येत नव्हते. अशा समाजात शिकलेल्याच्या शब्दाला केवढे वजन! कोर्टाचा कागद वाचून दाखवणारा, अर्ज लिहून देणारा, वर्तमानपत्रातली बातमी समजावणारा तोच. त्याने सांगितलेला खोटा इतिहास पडताळून पाहायचे साधन ऐकणाऱ्याकडे नव्हते.

लातूरहून हैदराबादला

बहादूर यार जंग १९४४ साली वारले. डिसेंबर १९४६ मध्ये कासीम रझवी इत्तेहादचा अध्यक्ष झाला. सिद्धान्त तयार होता, रझवीने त्याला फौज दिली. रझाकार म्हणजे स्वयंसेवक. त्यांना गणवेश होता, कवायत होती, दख्खनमधली मुस्लिम सत्ता टिकवण्यासाठी अखेरपर्यंत लढण्याची शपथ होती. काही अंदाजांनुसार त्यांची संख्या दोन लाखांपर्यंत गेली.

२७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहाटे जे झाले त्यातून या फौजेची ताकद दिसली. भारताशी जैसे थे करार, म्हणजे तूर्त आहे तीच व्यवस्था चालू ठेवण्याचा करार, करण्यासाठी निजामाचे शिष्टमंडळ दिल्लीला निघणार होते. इत्तेहादच्या जमावाने शिष्टमंडळातल्या मंडळींची घरे वेढली आणि जाणे थांबवले. पंतप्रधान छतारीच्या नवाबांना पद सोडावे लागले. पुढे २९ नोव्हेंबरला करार झाला, पण सूत्रे आता इत्तेहादच्या मर्जीतल्या लोकांकडे होती. नवे पंतप्रधान मीर लायक अली हे अभियंता आणि उद्योगपती, म्हणजे तेही शिकलेलेच. ज्याच्या नावाने हा सगळा डोलारा उभा होता तो निजाम आता स्वतःच त्याच्या ताब्यात गेला.

याची किंमत नांदेड-लातूरच्या खेड्यांनी मोजली. लूट, जाळपोळ, खून यांनी सीमेलगतचा भाग होरपळला. हजारो कुटुंबे शेजारच्या प्रांतांत निर्वासित झाली. सरहद्दीवर स्टेट काँग्रेसची सशस्त्र शिबिरे उभी राहिली. ३० जानेवारी १९४८ रोजी कार्यकर्त्यांनी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीच्या बँकेवर छापा घालून लढ्यासाठी पैसा मिळवला. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला.

फक्त हैदराबादची गोष्ट नाही

शिकलेल्यांना पडलेला सर्वंकष विचाराचा हा मोह एका धर्माचा किंवा एका संस्थानाचा नव्हता. अबुल आला मौदुदी यांचा जन्म २५ सप्टेंबर १९०३ रोजी औरंगाबादला झाला. वडील वकील. इत्तेहादचे ते नेते नव्हते, त्यांची वाट वेगळी होती. १९३०च्या दशकात हैदराबादेतून त्यांनी ‘तर्जुमान-उल-कुराण’ हे मासिक चालवले आणि १९४१ साली लाहोरला जमात-ए-इस्लामी स्थापन केली. जीवनाचे प्रत्येक अंग धर्माच्या नियमाखाली आणणाऱ्या राज्याची कल्पना त्यांनी मांडली. अशा राज्याचे फॅसिस्ट आणि कम्युनिस्ट राज्यांशी एका अर्थाने साम्य आहे, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. त्यात व्यक्तिस्वातंत्र्य मात्र हरवत नाही असा त्यांचा दावा होता.

मराठी हिंदू विद्वानांकडे पाहिले तर तिथेही हाच मोह दिसतो. ‘केसरी’ने १९२०च्या दशकात इटलीच्या फॅसिझमवर कौतुकाचे लेख छापले. त्याचे लंडनचे वार्ताहर द. वि. ताम्हनकर यांचे मुसोलिनी आणि फॅसिझम यांवरचे मराठी पुस्तक १९२७ साली आले. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे मार्च १९३१ मध्ये रोममध्ये मुसोलिनीला भेटले, तिथल्या तरुणांच्या लष्करी संघटना त्यांनी पाहिल्या आणि तसे काही आपल्याकडे व्हावे असे त्यांना वाटले. डाव्या बाजूला स्टालिनच्या रशियात नवा माणूस घडतो आहे अशा श्रद्धेने लिहिणारे मराठी लेखक-कवीही थोडे नव्हते. १९५६ साली ख्रुश्चेव्हने स्टालिनच्या अत्याचारांचा पाढा वाचला तेव्हा कुठे अनेकांची ती श्रद्धा हलली.

युरोपात तर जगद्विख्यात नावे यात आहेत. इटलीतला तत्त्वज्ञ जोव्हान्नी जेंटिले याने मुसोलिनीच्या नावावर प्रसिद्ध झालेल्या फॅसिझमच्या मूळ निबंधातला तात्त्विक भाग लिहिला. जर्मनीत मार्टिन हायडेगर १९३३ साली फ्रायबुर्ग विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि नाझी पक्षात गेला. विद्वान मंडळी सत्य आणि न्याय सोडून वंश, राष्ट्र आणि वर्ग यांच्या द्वेषाची वकिली करू लागली आहेत, असा इशारा फ्रेंच लेखक ज्युलियाँ बाँदा याने १९२७ सालीच दिला होता. त्याच वर्षी हैदराबादेत इत्तेहाद निघाली आणि त्याच वर्षी मराठीत मुसोलिनीवरचे पुस्तकही आले.

बुद्धिमान माणूस या जाळ्यात सापडतो याची कारणे त्याच्या बुद्धीतच दडलेली असतात. त्याला विस्कळीत वास्तवापेक्षा नेटका सिद्धान्त आवडतो. सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर सापडले की त्याला आनंद होतो. समाज आपले ऐकत नाही ही त्याची खंत असते आणि सर्वंकष चळवळ त्याला व्यासपीठ देते, गर्दी देते, इतिहास घडवतो आहोत अशी भावना देते. परिणाम भोगायची वेळ येते तेव्हा तो बहुधा खेड्यात नसतो.

मास्तरांची फळी

मौदुदींच्या जन्मानंतर आठ दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९०३ रोजी, विजापूर भागातल्या सिंदगीला व्यंकटेश खेडगीकर यांचा जन्म झाला. तेच स्वामी रामानंद तीर्थ. कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम करून ते निजामाच्या मुलखात आले आणि आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, मग अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात मुख्याध्यापक झाले. १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला, शाळा मात्र सोडली नाही. पुढे १९३८ साली स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले आणि मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. गोविंदभाई श्रॉफ कलकत्त्याहून गणित शिकून आले, तेही औरंगाबादला शिक्षकच होते.

हिप्परगा, अंबाजोगाई, औरंगाबादचे सरस्वती भुवन, उदगीर आणि नांदेडच्या शाळा, यांतून एक पिढी तयार झाली. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषद भरली, तिचे पुढचे अधिवेशन लातूरला झाले. ज्या गावात रझवी वकिली करत होता त्याच गावात जबाबदार राज्यपद्धतीचा विचार मांडला जात होता. त्याच सुमारास उस्मानियाच्या वसतिगृहांतून ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून शेकडो विद्यार्थी काढले गेले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना जागा दिली.

या मास्तरांनी अनल मलिकला कोणते उत्तर दिले? हिंदूंचे राज्य आणा, असे ते म्हणाले नाहीत. राज्य इथे राहणाऱ्या सगळ्यांचे, कारभार निवडून दिलेल्यांचा, आणि नागरिकत्वाला जन्माची अट नाही, असे ते म्हणत होते. हे उत्तर कमी चमकदार होते. त्यात कुणाला एका रात्रीत राजा करण्याची सोय नव्हती. पण त्या उत्तरात शेजाऱ्याला जागा होती. स्वातंत्र्यानंतर १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले तेही स्वामीजींच्याच पुढाकाराने. त्याच महाविद्यालयाचे पुढे प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर १९४८ साली सोळा वर्षांचे होते. इत्तेहादच्या राजकारणाची मराठीतली खोल चिकित्सा त्यांनी केली. श्रोत्यांना रुचेल ते न बोलता पुराव्यावर उभे राहून बोलायचे, ही मास्तरांची परंपरा त्यांनी नांदेडला मुरवली.

लिहिणारा हात

सर्वांत कठीण काम ज्यांनी केले ते मुसलमान लेखक आणि अधिकारी होते. त्यांना आपल्याच माणसांसमोर उभे राहायचे होते. शोएबुल्ला खान या तरुण संपादकाने ‘इमरोज’ या उर्दू दैनिकातून रझाकारांवर सडकून टीका केली आणि भारतात सामील व्हा असे लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये सात मुस्लिम गृहस्थांनी निवेदन काढून रझाकारांना आवरा, भारताशी समझोता करा, असे जाहीरपणे सांगितले. त्यांत फरीद मिर्झा होते. नांदेड भागात महसूल अधिकारी असताना त्यांनी रझाकारांचे अत्याचार डोळ्यांनी पाहिले आणि नोकरीचा राजीनामा दिला. त्याच महिन्यात, २१ ऑगस्टच्या रात्री घरी परतताना शोएबुल्ला खान यांच्यावर हल्ला झाला. मारेकऱ्यांनी त्यांचा हात तोडला. ते वाचले नाहीत. वय अवघे २७.

मारेकऱ्यांनी नेमका हात तोडावा यात या सत्तेची भीती उघडी पडते. बाहेरच्या शत्रूच्या बंदुकीला तिच्याजवळ उत्तर होते. तिच्याच भाषेत, तिच्याच समाजातून आलेल्या युक्तिवादाला नव्हते.

विजयानंतरची परीक्षा

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. रझवीला अटक झाली. १९५७ साली सुटल्यावर तो पाकिस्तानात निघून गेला.

कथा इथे संपवायला सोपी आहे, पण ती इथे संपत नाही. शरणागतीनंतरच्या आठवड्यांत सूड उगवला गेला आणि तो ज्यांच्यावर उगवला गेला त्यांतले बहुसंख्य रझाकार नव्हते. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये जिल्हे पालथे घातले. तिच्या अहवालाप्रमाणे संस्थानभरात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना बसली. लातूरमध्ये कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली. तिथल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी समितीला जेमतेम तीन हजार उरलेले दिसले. हजाराहून अधिक मारले गेले होते, बाकीचे जीव घेऊन पळाले होते. रझाकारांनी हिंदूंवर केलेले अत्याचारही समितीने लपवले नाहीत, आणि मुसलमानांना जिवावर उदार होऊन वाचवणारे हिंदूही तिने नोंदवले. या समितीतले काझी अब्दुल गफ्फार हे उर्दू लेखक आणि हैदराबादच्या ‘पयाम’ या दैनिकाचे संस्थापक संपादक होते.

हा अहवाल कित्येक दशके सरकारी कपाटात राहिला. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामावर भरभरून लिहिणाऱ्यांनीही या आठवड्यांवर फार थोडे लिहिले. इथे सरळ बोलले पाहिजे. रझवीचा सिद्धान्त सामूहिक होता: माणूस कोणत्या समाजात जन्मला यावरून तो राजा की रयत ते ठरवणारा. लातूरच्या निरपराध मुसलमानाला रझवीच्या पापाची शिक्षा देणाऱ्यांनी तोच सिद्धान्त उलट्या बाजूने अमलात आणला. त्याबद्दल गप्प राहणे म्हणजे लढा जिंकून शत्रूचा विचार घरात ठेवून घेणे.

म्हणून विद्वान ओळखायच्या कसोट्या मराठवाड्याने स्वतःच्या रक्ताने लिहून ठेवल्या आहेत. वक्ता शिकलेला आहे एवढे पुरत नाही. तो हक्क जन्मावरून वाटतो की माणसावरून? तुमची खरी भीती तो सोडवायला निघाला आहे की वापरायला? त्याच्या विचाराची किंमत कोण मोजणार, तो स्वतः की दूरच्या खेड्यातला कुणी? आणि आपल्या बाजूने अन्याय केला त्या दिवशी त्याने तोंड उघडले का? या शेवटच्या कसोटीवर फरीद मिर्झा उतरतात, शोएबुल्ला खान उतरतात. १७ सप्टेंबरला नांदेड-लातूरच्या शाळांत झेंडावंदन होते, स्वामीजींचे आणि हुतात्म्यांचे स्मरण होते. त्या यादीत ही दोन नावे रीतसर घ्यावीत आणि १९४८च्या त्या वीस दिवसांत लातूरमध्ये काय झाले तेही मुलांना त्याच सभेत सांगावे. स्वतःच्या बाजूचे सत्य ऐकायची सवय शाळेत लागली, तर उद्याच्या हुशार वकिलाला ‘मीच राजा’ हे वाक्य या मुलांच्या गळी उतरवणे कठीण जाईल.